आईंच्या परसातून जाणारी वाट

३ जानेवारी

मंजूर झाली! नदीकाठची पायवाट मंजूर झाली! पुलापासून जुन्या पंपघरापर्यंत. नगरपालिकेत इतकी वर्षं गटारं आणि मुताऱ्या बांधल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी मला काहीतरी सुंदर आखायला सांगितलंय. साहेब म्हणाले, "मॅडम, गावाला फिरायला जागा द्या. उन्हाळ्याच्या आत." घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

सासूबाईंना सांगितलं. "बरं झालं बाई," आई म्हणाल्या, "रोज त्या गटारांचा वास घेऊन घरी यायचीस."

९ जानेवारी

टेप घेऊन अख्खा काठ पालथा घातला. सगळं जमतंय. एकच घोळ – मधे काठ ढासळलाय, तिथे वाट वर घ्यावी लागणार. वर म्हणजे कुठे? आमच्या परसातून! गावात एवढी घरं आणि नेमकं आमचंच. घर आईंच्या नावावर. त्या नाही म्हणाल्या तर मोठ्या रस्त्याने वळसा, ट्रकांच्या धुरातून. मग नदीकाठ कसला, कपाळ!

१० जानेवारी

विचारलं. "नाही." एवढंच.

१६ जानेवारी

मुकादमाने सकाळी परसात फक्कीची पांढरी रेघ मारली. संध्याकाळी बघते तर रेघ गायब! "मी काय करणार मॅडम? पाठ फिरवली तर तुमच्या सासूबाईंनी खराटा घेतला. नुसती रेघ नाही, अख्खं परस झाडून काढलं." आणि हसतोय गधडा.

२१ जानेवारी

आज हरकती ऐकायची सभा. आई आल्या – माझ्याच नवऱ्याचा हात धरून! उभ्या राहिल्या. "माझ्या परसातून कुणीही जाणार नाही." साहेब माझ्याकडे बघतायत, मी टेबलाकडे. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, घरातच मिटवा की!" सगळे हसले.

राग आला, खूप आला. पण खरं सांगू? कडक इस्त्रीची साडी, मान ताठ – मनात म्हटलं, काय रुबाब आहे बाईचा! साहेबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. तोवर आईंचा होकार नाही मिळाला तर वाट रस्त्याने.

२४ जानेवारी

अबोला. डबा मात्र वेळेवर, आणि नेहमीपेक्षा भरलेला. भांडतात तेसुद्धा पोटभर खायला घालून! नवऱ्याचं तळ्यात-मळ्यात. "तू बायको, ती आई. मी कुठे जाऊ?" म्हटलं, नदीकाठी जा फिरायला.

आईंना नक्की काय खुपतंय तेच कळत नाही. सकाळ-संध्याकाळ एकट्या परसात फेऱ्या मारतात, कुंपणाला हात लावत लावत. पूर्वी माझ्याबरोबर पुलापर्यंत यायच्या, भेटेल त्याची चौकशी करायच्या. माझ्यापेक्षा त्यांच्याच ओळखी जास्त. आता म्हणतात, "तूच ये जाऊन." वय झालं, दुसरं काय. आणि हट्ट.

मला त्यांच्याशिवाय फिरायला अजिबात मजा येत नाही. हे त्यांना सांगणार नाही, चढून बसतील.

२८ जानेवारी

सुचलं! नमुन्याचा दगडी बाक आलाय. आई दुपारी झोपल्या होत्या, तेवढ्यात मुकादमाकडून तो गुपचूप परसात ठेवून घेतला. कुंपणालगत, त्यांच्या फेरीच्या वाटेवरच, म्हणजे दमल्या की टेकतील. तोंड नदीकडे. बसतील, आवडेल, विरघळतील. मी माझ्यावर भलतीच खूश आहे आज.

२९ जानेवारी

आई पडल्या. बाकाला धडकून. नडगी सोलवटलीय, मनगट सुजलंय. नवरा घाबरून ओरडलाच, "अगं आई, एवढा मोठा बाक दिसला नाही तुला?"

त्यांनी पदर नडगीवर दाबून धरला. वाटलं, आता माझा उद्धार होणार. पण नाही. मी मलम लावत होते आणि रडत होते. "रडू नकोस गं, हाड शाबूत आहे माझं," असं त्याच मला समजावत होत्या. अबोला सुटला, पण असा सुटायला नको होता.

बाक उचलून नेला. वाट गेली खड्ड्यात. उद्या साहेबांना सांगून टाकते – रस्त्याने वळवा.

३० जानेवारी

ऑफिसला निघाले तर आईंनी हाक मारली. परसात शेजारी बसवून घेतलं. समोर नदी, उन्हात नुसती चमकत होती. मग हळूच म्हणाल्या, "नदीला पाणी किती आहे गं सध्या?"

मी समोरच्या नदीकडे बघितलं, मग त्यांच्या डोळ्यांकडे.

"एवढं परस तेवढं पाठ आहे मला," म्हणाल्या. "कुणाला सांगू नकोस."

मी त्यांचा हात धरला आणि पाणी कुठवर आलंय ते सांगत बसले. ऑफिसला गेलेच नाही.