कुणालाही सुचलं असतं

अप्पा, आज तुमच्याबद्दल एक खोटं लिहून बसलेय. सांगायला घरात दुसरं आहे कोण? तुमच्यामागं आईही गेली, तेव्हापासून मी एकटीच. दोन दिवसांत दूधवाल्याशिवाय कुणाशी बोललेली नाही.

झालंय असं, की एका मोठ्या कंपनीनं पेटंट मागितलंय. प्लास्टिकमध्ये काजळी घालायची, पण गरम रोलरवर पुरती घोटायची नाही, अर्ध्यावर थांबायचं. मग त्यातून वीज चांगली वाहते. अहो, हे तुमचंच की! सुताच्या घर्षणानं वीज साठून मागावर कामगारांना झटके बसू नयेत म्हणून सूत गुंडाळायच्या कांड्या तुम्ही याच मिश्रणाच्या करायचात. पण तुम्ही कधी कुठं लिहून ठेवलंत? कारखाना बंद, मालक गेले, साक्षीला कुणी नाही. म्हणून पेटंटला विरोध करणाऱ्यांच्या वकिलांनी माझ्याकडून, तज्ज्ञ म्हणून, एवढंच मागितलंय: यात शोध कसला, हे कुणाही जाणकाराला सहज सुचलं असतं.

कुणाही जाणकाराला! मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत तुमच्यासोबत कारखान्यात आलेली, डोक्यात नुसती पुस्तकी अक्कल. मिश्रण माझ्यावर सोपवून जेवायला जाताना तुम्ही म्हणालात, "लई घोटू नगं. शेंगाचटणी कशी, भरड हाय तवर चव." मी मनात म्हटलं, अडाण्याचा कारभार! काजळी सगळीकडं सारखी पसरली तर वीज जास्तच वाहणार की. तुम्ही येईपर्यंत घोटत बसले. मिश्रण काय गुळगुळीत झालं होतं! तुमचा वीज मोजायचा मीटर लावला तर काटा ढिम्म. कण एकमेकांना टेकलेले असतील तरच वीज पुढं जाते, आणि मी ते सगळे सुटे करून टाकले होते.

अख्खा माल वाया. मालक सगळ्यांसमोर ओरडतायत, "म्हातारा झालास, डोकं चालंना तुझं!" आणि तुम्ही मान खाली घालून म्हणताय, "माझंच चुकलं, मालक." मी दारात उभी, हात कोपरापर्यंत काळे. घरी येताना तुम्ही मला गरम भजी घेऊन दिलीत. रागावला असतात तर बरं झालं असतं हो.

कुणालाही सुचलं असतं, तर मला का नाही सुचलं? मला सुचलं नव्हतं, एवढं कागदावर लिहिलं की पेटंट कंपनीला मिळालं, आणि तुमचं काम तिच्या नावावर गेलं. नाही लिहिलं, तर तुमची सगळी अक्कल 'त्यात काय विशेष' ठरली. दोन्हीकडून मरण. मी सही केली, अप्पा. माझी चूक त्या कागदात कुठंच नाही. त्या दिवशी गप्प बसले, आजही बसले.

आता हे पत्र टाकू कुठं? तुमच्या मीटरच्या डब्यात ठेवते. आणि एक राहिलंच. त्या दिवशी घरी आल्यावर आईनं विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, अप्पांच्या हातून माल बिघडला. तुम्ही मोरीत हात धूत होतात. पण मी हे म्हटलं तेव्हा तुम्ही नळ बंद केलेला होता, सगळं ऐकू गेलं असणार.