ज्याचा ट्रक, त्याचाच हात

९ जानेवारी

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय! पण लिहिणार. उजवा हात आज पट्ट्यांतून सुटला. अंगठा जागेवर आहे. आहे म्हणायचं, इतकंच.

१० जानेवारी

साधी काचेची बरणी. धुताना हातात फुटली आणि काच अंगठ्याच्या मुळाशी घुसली. अंगठा वाकवणारी आतली दोरी तुटली, नसही तुटली. डॉक्टरांनी दोन्ही शिवल्या. आता अंगठ्याचं टोक पहिल्या बोटाच्या टोकाला टेकवायचं. तान्ही पोरं टेकवतात! माझा अंगठा मात्र परक्यासारखा भलतीकडेच बघत बसतो.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. मेणात एकेक दात चिमटीत धरून बसवायचा. चिमटी गेली की काम गेलं, सरळ हिशेब. मॅडमचा फोन आला होता. चांगल्या आहेत बिचाऱ्या. "जागा ठेवलीय गं, सध्या एक मुलगी घेतलीय तात्पुरती. जूनमध्ये ये आणि वरच्या दातांचा एक सेट लावून दाखव. त्यापुढे मलाही थांबता येणार नाही."

नवरोबाला विचारलं, डॉक्टर नक्की काय म्हणाले? "बोटांना काम द्या म्हणाले." एवढंच? "एवढंच."

१४ जानेवारी

व्यायामवाल्या बाईंनी मऊ गोळा दिला. दाबा म्हणाल्या. दाबला. गोळ्याला पत्ताही लागला नाही!

१९ जानेवारी

आज गॅरेज येऊन गेला. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर सिरॅमिकचे दात करतो आणि घरी छोटे ट्रक आणि गाड्या जोडतो. घरात म्हणे इतक्या गाड्या आहेत की सगळेच त्याला गॅरेज म्हणतात. एक खोका आणून टेबलावर आपटला. "गोळा दाबून दाबून वेड लागेल तुला. हे घे."

आत एक लांब नाकाचा, सहा चाकांचा जुना मालट्रक. खऱ्याचा चोविसावा भाग. पण ट्रक कुठे? नुसत्या प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लटकलेले शेकडो तुकडे. एकेक कापायचा, घासायचा, चिकटवायचा. सासूबाई दारातूनच, "अरे, हिला पेला उचलता येत नाही आणि तू खेळणी काय आणतोस?"

"खेळणं नाही काकू, ट्रक आहे."

जाताना मात्र गंभीर झाला. ट्रक जोडणाऱ्यांत एक नियम असतो म्हणे — ज्याचा ट्रक, त्याचाच हात. दुसऱ्याने एक आरसा जरी चिकटवला तरी तो ट्रक तुझा राहिला नाही. "पडलेला तुकडा शोधून द्यायला हरकत नाही," हे नवरोबाकडे बघून. नवरोबाने लगेच मान हलवली, जणू नोकरीवरच घेतलंय त्याला.

२ फेब्रुवारी

चेसिसच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, दोन लांब पट्ट्या कापून झाल्या. अंगठा बोटाच्या कडेला दाबून धरल्या. किल्ली धरतो तसं. खूश होऊन व्यायामवाल्या बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "ही चोरी झाली. टोकाला टोक लागलं पाहिजे. आणि चिमटा वापरायचा नाही." माझ्या डोळ्यांतून पाणीच यायचं बाकी होतं. पण त्यांचं बरोबर आहे. दात काही कडेने धरता येत नाहीत.

१८ फेब्रुवारी

चेसिस तयार! सहाही चाकं लावून टेबलावर ठेवली, तर पुढचं एक चाक हवेत. ते दाबलं की टेकतं आणि मागची उठतात. पट्ट्या हातात धरून चिकटवल्या, पीळ बसला.

मी! जिने इतकी वर्षं काचेच्या पाटीवर दात टेकवून बघितले! वरच्या सेटमध्ये मधल्या दोन दातांच्या शेजारचा दात पाटीला टेकवायचा नसतो, केसभर वर ठेवायचा. हसताना तो सरळ रेषेत आला की दात खोटे वाटतात. हे मी झोपेतही चुकत नाही.

गॅरेजला फोटो पाठवला. त्याचा फोन — हसू आवरेना त्याला. "अगं, चाकाला पण केसभर वर ठेवलंस? हसताना नैसर्गिक दिसावं म्हणून?"

मीही हसले. अपघात झाल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसले. उजव्याच हाताने धरलं.

५ मार्च

गरम पाण्यात चेसिस धरली, मऊ झाली, पाटीवर दाबून गार केली. सहाही चाकं जमिनीवर!

११ मार्च

गॅरेजच्या घरी गेलो. हे एकदा बघायलाच हवं होतं. भिंतभर फळ्या, काचेची दारं, आत ट्रकच ट्रक — दुधाचा टँकर, लाकडं वाहणारा, आगीचा बंब, कचऱ्याची गाडी, तिच्या मागे लोंबणारा झाडूसुद्धा. खालच्या फळीवर गाड्या. एका गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं तर आत इंजिनाच्या वायरी, केसाएवढ्या. आणि कपाटावर छतापर्यंत न उघडलेले खोके. "हे कधी करणार?" विचारलं. त्याची बायकोच उत्तरली, "ते करायचे नसतात हो. ते असायचे असतात." माणसांना बसायला दोन खुर्च्या. एकीवर क्रेन.

तुटक्या-उरलेल्या तुकड्यांचा एक डबा आहे त्याचा. काहीही फेकत नाही. माझ्या ट्रकचा एक आरसा चौकटीतच मोडका निघाला होता. त्याने डबा उपसून उपसून जुळणारा शोधून दिला. उन्हं उतरेपर्यंत शोधत होता. कोण कोणासाठी एवढं करतं?

२४ मार्च

रंग दिला. पांढरा फार भक्क वाटला म्हणून थेंब थेंब पिवळा आणि किंचित करडा घालत गेले. मस्त जमला. गॅरेजने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "हा पन्नाशीच्या माणसाच्या दाताचा रंग आहे! तू ट्रक नाही, कवळी रंगवलीस." खरंच की! सवयीने हात तिकडेच गेला. तसाच ठेवला.

६ एप्रिल

वाईट दिवस. ट्रकच्या दाराची कडी, तांदळाएवढी. दिवसभरात एकदाही धरता आली नाही. टोकाला टोक लागतं, पण जोर नाही. अंगठ्याला त्या कडीचा स्पर्शच कळत नाही. मी नवरोबाला विचारलं, "येईल ना रे चिमटी परत?"

तर हा बॅटरी घेऊन सोफ्याखाली! "थांब, कडी इकडेच उडालीय." मी काय विचारतेय आणि हा काय शोधतोय! किती वेळ आडवा पडून होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. धूळ गेली म्हणाला. मला इतका राग आला की जेवले नाही.

कडी टेबलावरच होती.

९ एप्रिल

सासूबाईंना हल्ली शिवणाचा झटका आलाय. दिसत नाही म्हणून सुई मी ओवायची. रोज. कधी उशी उसवते, कधी पडदा. आणि नवरोबाच्या शर्टांच्या बटणांना एकाएकी काय साथ आलीय कळत नाही. "अगं, एवढी ओवून दे गं, तुझा ट्रक काही पळून जात नाही." वैताग आहे नुसता.

१६ एप्रिल

पकडलं! दुपारी पाणी प्यायला उठले, तर सासूबाई खिडकीत बसून कात्रीने चांगलं घट्ट बटण कापतायत. मला बघून कात्री पदराखाली. गुपचूप सुई-दोरा घेऊन त्यांच्यापुढे बसले. एकदा हुकलं, परत हुकलं, मग ओवली. त्यांनी बटण लावलं. दोघीही खिडकीबाहेर बघत होतो.

लग्नात मला या घरी 'दिलं' म्हणतात, ते चूक आहे. मी या घरात पडलेय, ती मऊ गादीवर पडलेय.

२ मे

काल कड्या बसल्या. दोन्ही दारांच्या!

मग आनंदाच्या भरात घोळ. पुढची काच झटपट गोंदाने चिकटवली. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते आणि काच धुरकट होते, हे गॅरेजने बजावून सांगितलं होतं. सकाळी पाहते तर ट्रकला मोतीबिंदू! पण शेवटी मी दातवाली. कवळ्या चमकवायची पेस्ट होती घरात. काच अलगद काढली आणि बोटाच्या टोकावर पेस्ट घेऊन गोल गोल घासत बसले. संध्याकाळी आरपार दिसायला लागलं. परत बसवली ती साध्या पांढऱ्या गोंदाने.

गॅरेज काच बघून चाटच पडला. पेस्टची डबी मागून घेऊन गेला. चला, त्याला द्यायला माझ्याकडेही काहीतरी निघालं.

२० मे

आज उजव्या हाताने लिहितेय. वाकडं आहे, पण माझं आहे. माझं जुनं "र" परत आलं!

२१ मे

लगेच दुखतोय. तरी दोन ओळी. आज वायपर लावले. केसासारखे. अंगठ्याला कळलं — काहीतरी बारीक आहे, टोचतंय. टोचतंय हे इतकं गोड असतं?

८ जून

शेवटचं काम — दारांवरचे आकडे आणि पट्टे. पातळ चित्रं, पाण्यात सोडली की कागदावरून सुटतात, बोटाने सरकवून दारावर न्यायची. जोर लावला की फाटलीच. एक फाटलं. दुसरं पोहोचलं. फाटलेल्या जागी ब्रशने हाताने पट्टा काढला, थोडा जाड झालाय. जवळून कळतं. कळू दे.

आणि झाला! ट्रक झाला! जेवायच्या टेबलावर मधोमध ठेवला आणि तिघं भोवती बसलो, कोणी लांबचा पाहुणा आल्यासारखे. सासूबाईंनी मान तिरकी करून आत पाहिलं. "चाक आहे, सीट आहे, गिअरसुद्धा आहे. ड्रायव्हर कुठाय?" नवरोबा म्हणाला, "चहाला गेलाय."

गॅरेज आला, ट्रक न उचलता खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. मग फक्त म्हणाला, "दुसऱ्या कोणाचा हात नाही यात." त्यांच्यात यापेक्षा मोठं कौतुक नसतं म्हणे.

१५ जून

लॅबमध्ये गेले. ती नवी मुलगी उठून मला माझीच खुर्ची देत होती, तेव्हा तिचंही वाईट वाटलं. मॅडमनी वरचा सेट पुढे ठेवला. मेण तापवलं, पहिला दात उचलला.

धरला गेला.

दुसरा. त्याच्या शेजारचा, केसभर वर. डाव्या बाजूला येईपर्यंत अंगठा दमला. थांबले, हात मांडीवर ठेवला, परत उचलला. कोणी घाई केली नाही. गॅरेज शेजारी आपल्या दातात इतकं डोकं खुपसून बसला होता की त्याचं काम बिघडणारच. बिघडलंही!

मॅडमनी सेट पाटीवर टेकवला, उजेडात धरला, फिरवला. "सोमवारपासून ये. आधी अर्धा दिवस. आणि ही पोरगी पण राहू दे, काम वाढलंय." वाढलं-बिढलं काही नाही, मला माहीत आहे. अशी माणसं मला कुठून मिळाली?

२२ जून

पहिला पगारी अर्धा दिवस. हात सुजलाय. मी नाचत घरी आले.

३ जुलै

शेवटची तपासणी. डॉक्टरांनी टेबलावर एक टाचणी ठेवली. उचला म्हणाले. उचलली. परत ठेवली, परत उचलायला लावली. मग शिकाऊ डॉक्टरांना आत बोलावून त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा. मला म्हणाले, "ऑपरेशनच्या दिवशीच मी तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं, चिमटी परत येणार नाही, दुसरं काम बघायला लागा. हे बोलले नाहीत तुम्हाला?"

मी नवरोबाकडे पाहिलं. दूध आणायचं विसरल्यावर बोलतो त्याच आवाजात तो म्हणाला, "सांगायचं राहूनच गेलं."