डावीकडं घ्या

१८ नोव्हेंबर १९९६, बारामती

आज रुजू झालो. पुण्यातली कंपनी बंद पडल्यावर पंचेचाळिशीत नवी नोकरी मिळेल असं वाटलं नव्हतं. भिगवण रस्त्यावरच्या या गॅरेजचे मालक रविराजशेठ. त्यांनी सुपरवायझरची खुर्ची दिली आणि राहायला मागची खोली. खिडकीतून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग दिसते, हवेत मळीचा वास असतो. मला तो आवडला.

मिस्त्री बिरदेव सांगवीचा. माझा चष्मा न्याहाळून म्हणाला, "बी.एस्सी. हाय म्हणं तुमी. मग गाडीची नाडी बघा की, डाक्टर." सगळे हसले. मीही हसलो.

२० नोव्हेंबर

लासुर्ण्याच्या मोहनरावांची अँबॅसिडर आली. गेल्या हंगामात कळंबजवळ उसाच्या ट्रॉलीवर समोरून आदळलेली. ड्रायव्हर संभाजी त्यात गेला. गाडी तोच चालवत होता, असं मोहनराव न विचारता दोनदा सांगून गेले. पुढचा पत्रा, शॉकप, बुश सगळं नवं घातलंय. तरी डावीकडे वळताना पुढून 'खट्' असा आवाज येतो.

आवाज शोधायची इथली रीत अशी: गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी करायची. एकाने स्टेरिंगवर बसायचं, दुसऱ्याने खड्ड्यात उतरून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. वरच्याने चाक थोडं हलवलं की ढिला सांधा बोटाला धक्का देतो. नियम एकच. खालून हाक आल्याशिवाय वरच्याने स्टेरिंग हलवायचं नाही.

२१ नोव्हेंबर

वाईट झालं. मी वर, बिरदेव खाली. "डावीकडं घ्या," अशी हाक आली आणि मी स्टेरिंग फिरवलं. बिरदेवच्या उजव्या हाताची दोन बोटं चाक वळवणाऱ्या आर्ममध्ये चिरडली. दवाखान्यात तो एकच सांगत होता, "म्या हाक दिलीच न्हाय."

शेठनी मला विचारलं. मी म्हणालो, हाक आली होती.

हे खरं आहे. पण आवाज बिरदेवचा होता का, हे शेठनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर

निष्काळजीपणा बिरदेवचाच, असं शेठनी सर्वांसमोर सांगितलं आणि त्याला कामावरून काढलं. जाताना बिरदेवने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो.

जेवणाच्या सुट्टीत त्या गाडीत एकटाच जाऊन बसलो. इंजिन बंद. खड्डा रिकामा.

"डावीकडं घ्या."

उतरून वाकून पाहिलं. तेलाचे डाग आणि बिरदेवची एक चप्पल, बाकी काही नव्हतं.

२७ नोव्हेंबर

ही हाक कुणाची, ते विचारायला कळंबला संभाजीच्या बायकोकडे गेलो. तिचं नाव सारजा. तिने बसही म्हटलं नाही. "गाडी मोहनराव चालवत हुतं. आमचं धनी शेजारी बसून वरडत हुतं, डावीकडं घ्या, डावीकडं घ्या. उसातल्या बायांनी ऐकलं. मेलेलं माणूस उलटून बोलतंय व्हय? घातलं त्याच्याच माथी!"

मला मान वर करता येईना. मोहनरावांवर रागवायलाही तोंड राहिलं नव्हतं. मी दुसरं काय केलं?

२९ नोव्हेंबर

सांगवीला जाऊन बिरदेवला सगळं सांगितलं. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उद्या शेठना खरं सांगतो, म्हणालो. तो हसला. "भुतानं हाक दिली म्हणून सांगणार? दोघास्नी हाकलत्याल." त्याचं म्हणणं वेगळं. डाव्या हाताने तो सांधा शोधून दाखवला, तर काम परत मिळेल. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "नको म्हणायचं, तवा तुमी गप बसला."

३० नोव्हेंबर, सकाळी, गाडीत

शेठ यायचे आहेत. बिरदेव खाली उतरलाय. तो तोंडाने हाक देणार नाही, पान्हा ठोकून खूण करणार. तोवर माझे हात स्टेरिंगला लागू नयेत म्हणून वही-पेन घेऊन बसलोय. लिहीत राहणार.

हाक आली. त्याची नव्हे. मी हललो नाही.

पुन्हा आली —

बिरदेवलाही ऐकू आली. खालून म्हणाला, "डाक्टर, हाक आल्ती म्हणायची." डोळ्यांत पाणी आलं. पण मी खोटा तो खोटाच.

वर ये म्हणतोय मी. तो म्हणतो सांधा घावला, बोट तिथंच हाय, जरा दम —

पान्हा वाजलेला नाही. वाजलेला नाही.

खट्.

"स्टेरिंग सोडा! सोडा, डाक्टर!"

मी धरलेलं नाही. एका हातात वही, एका हातात पेन — समोर स्टेरिंग डावीकडे — आपोआप — बिरदेव, हात काढ — पेन टाकतो, स्टेरिंग धर—