डावा डोळा दाराकडे

मी, अलोझियो सेकितोलेको, राहणार किटेंगा, मसाका जिल्हा, धंद्याने दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात मात्र थरथरतात, म्हणून अक्षर वेडेवाकडे आल्यास कोणी या कागदावर शंका घेऊ नये. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि मागची केळीची बाग माझी एकुलती एक मुलगी नाबुकेरा हिला द्यावी. ती कंपालाला राहते, लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेली, असे आमच्या कुळातले कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने आधी गेल्या पावसात या घराच्या छपरावर कोण चढले होते ते सांगावे. तिने पाठवलेला माणूस चढला होता. रिवाजाप्रमाणे माझ्या जागी कुळाचा वारस म्हणून पुतण्या किबुका याने बसावे, पण घराला हात लावू नये.

२. ब्रश, शिडी आणि रंगाचे डबे किबुकाला द्यावेत. त्यातला निळा डबा मात्र बाजूला ठेवावा, त्याचे पुढे सांगतो. शिडी चर्चला उसनीसुद्धा देऊ नये. चर्चच्या भिंतीवर मी काढलेल्या मारियामातेच्या चित्रावर चुना फासायला माझीच शिडी मागून नेली होती, आणि मीही दिली.

३. पुस्तके दोनच आहेत. बायबल माझ्याबरोबर पुरावे. दुसरे जाड पुस्तक परदेशातल्या चर्चमधल्या चित्रांचे, सुरुवातीची पाने वाळवीने खाल्लेली. त्यातल्या सगळ्या मारिया गोऱ्या आहेत आणि सगळ्यांचे डोळे सरळ आहेत. ते धर्मशिक्षक कासुले याला द्यावे. दर रविवारी आमचे वाजते. तो मानाने म्हणतो, "सेबो, तुमचा देवावर विश्वास उरला नाही म्हणता, मग चर्चमध्ये येता कशाला?" मी म्हणतो, "भिंत बघायला." तो खिशातून फोन काढून मला नाबुकेराच्या मुलीचे फोटो दाखवतो. भला माणूस आहे.

४. चित्रावर चुना फासला तेव्हाचे फादर आता बदली होऊन गेले. त्यांना मी माफ केलेले नाही. प्रार्थनेत तसे म्हणावे लागते म्हणून म्हणतो. माझ्या चित्राच्या जागी त्यांनी छापील प्लास्टिकचे कापड लावले. त्यात गोठ्यावर बर्फ पडते आहे. आमच्या गावात बर्फ कोणी पाहिलेले नाही, पण त्याला कोणी हसत नाही.

५. हे कलम नाबुकेराला एकटीला वाचायला द्यावे.

पोरी, तीन नाताळ झाले, तू आली नाहीस. फोनवर हळूच विचारतेस, "ताता, अजून रागावलायत का?" मी विचारतो, "कोंबडी शिजली का?" तिथेच आपले बोलणे संपते. लोक हसले म्हणून मी रागावलो असे तुला वाटते. तसे नाही.

त्या नाताळच्या आदल्या दिवशी तू भिंतीवरच्या माझ्या मारियाचा फोटो काढून फोनवरून सगळ्यांना दिसेल असा टाकलास आणि खाली लिहिलेस, "आमच्या मारियाचा एक डोळा बाळावर, दुसरा शेजारच्या चुलीवरच्या कोंबडीवर." संध्याकाळपर्यंत कुठली कुठली माणसे हसत होती. फादरांना लाज वाटली आणि रात्रीच्या मिस्साच्या प्रार्थनेआधी भिंत पांढरी झाली. मग तुझा निरोप आला, "ताता, मी तो फोटो काढून टाकला. माझ्या फोनमधूनही पुसला. आता कुणालाच दिसणार नाही."

ती मारिया तुझी आई होती.

रोझा गेली तेव्हा तू चालतही नव्हतीस. तिचा एकुलता एक फोटो वाळवीने खाल्ला. ती बोलायची तेव्हा उजवा डोळा समोरच्यावर असायचा आणि डावा दाराकडे, कोणी येणार असल्यासारखा. मेलेल्या माणसाचे व्यंग आपल्याकडे कोणी काढत नाही, म्हणून तुला ते कोणीच सांगितले नाही. मला वाटले होते, चित्र बघून तू विचारशील, ताता, ही कोण? मग मी सांगेन. तू विचारले नाहीस, हसलीस. मला वाईट वाटले, फार वाईट वाटले. पण तुला माहीत नव्हते हे मला तेव्हाही कळत होते. राग हसण्याचा नाही. पुसल्याचा आहे. हात चांगले असते तर मी तिला पुन्हा काढले असते.

हे जिवंतपणी सांगितले असते, तर तू माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून रडली असतीस. मला ते बघवले नसते. आता बघावे लागणार नाही.

६. निळा डबा नाबुकेराची मुलगी मिरेम्बे हिला द्यावा. मारियाच्या ओढणीचा रंग तोच.

पोरी, मिरेम्बेच्या प्रत्येक फोटोत ती बाजूला बघत असते. कधी फुग्याकडे, कधी खिडकीकडे. मला वाटायचे, हल्ली अशीच पद्धत असेल. मग गेल्या महिन्यात मी कासुलेच्या फोनवर व्हिडिओतून तुझ्याशी बोलत होतो, तेव्हा ती मध्येच समोर आली आणि म्हणाली, "जाजा, तुमचे दात कुठे गेले?" तिचा उजवा डोळा माझ्यावर होता, डावा दाराकडे. तू घाईघाईने फोन फिरवलास.

डब्याबरोबर एक अट आहे, ती तुझ्यासाठी. मी गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळला तिचा फोटो समोरून काढ आणि सगळ्यांना दिसेल असा टाक. हसणारे हसतील. या वेळी पुसू नकोस.

खाली सही केलेल्या साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही, त्याबद्दल दोघेही नाराज आहेत.

(सही) अलोझियो सेकितोलेको

साक्षीदार: पेरेगिया नाक्कू, शेजारीण (अंगठा)
साक्षीदार: मात्यास लुबेगा, केशकर्तनालयाचा मालक (सही)

किटेंगा, २४ डिसेंबर २०२३