प्राणवायूची टाकी आणि चुकलेली व्याहीभेट

जुना जालना,
ज्येष्ठ लागला त्या दिवशी

घनसावंगीचे आमचे मानाचे व्याही रामरावजी यांना भुजंगचा दोन्ही हात जोडून रामराम. (हात या वेळी तुमच्याच दिशेने जोडलेत. पाकिटावरचा पत्ता उषाबाईनं दोनदा तपासला.) पुष्पाबाई विहीणबाईंची कंबर आता कशी आहे? मोसंबीला पाणी पुरतंय का? आमच्याकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे, बेबीनंदाची खोली झाडून, नवी गादी घालून ठेवली, तिच्यावर अजून कुणी झोपलेलं नाही, तेवढं सोडून.

जावईबापूंकडून तुमचा निरोप मिळाला. "ज्या घराला व्याही ओळखू येत न्हाई, त्या घरी सून बाळंतपणाला धाडायची न्हाई." निरोप कडक आहे, पण अन्यायाचा नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि ते माझ्यामुळे माहेरी होत नाही, म्हणून उषाबाई माझ्याशी जेवणापुरतंच बोलते. तेही भाजी संपली हे सांगण्यापुरतं. तेव्हा परतूरला आपल्या दोघांच्या नात्यातल्या लग्नात जे झालं त्याचा खुलासा करणं भाग आहे. खुलासा लांब आहे, कारण तो माझ्या पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतो.

मला साखर आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. हिवाळ्यात माझ्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात पाण्याच्या पंपाची एक जळालेली मोटार उतरवताना तिची कडा अंगठ्याला लागली. लागली तेव्हा कळलंसुद्धा नाही (साखरेनं पायाची जाण जाते म्हणे), कळलं ते चप्पल ओली झाली तेव्हा. मग मलम झालं, पट्ट्या झाल्या, सुया झाल्या. जखम काही तोंड मिटेना. इथले डॉक्टर अंगठ्याकडे असं बघायला लागले, जसं मी भंगारातल्या मोटारीकडे बघतो. शेवटी औरंगाबादेत एका दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, साखर आवरा, जखम रोज साफ करू, आणि जोडीला प्राणवायूच्या टाकीत बसवून बघू.

ही टाकी म्हणजे काय, तर डिझेलच्या टँकरला गोल काचा लावल्या आणि आत खुर्च्या टाकल्या असं समजा. दार बंद करून आत हवा दाबतात आणि तोंडावर मास्क लावून निव्वळ प्राणवायू देतात. नुसती ठिणगी पडायची खोटी, की भडका उडेल, म्हणून आत जाताना काडेपेटी नाही, घड्याळ नाही, नायलॉनचा सदरा नाही, आणि डोक्याला तेल तर बिलकुल नाही. (लहानपणापासून माझं डोकं तेलाशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. सिस्टरनं ते साबणानं दोनदा धुवायला लावलं. उषाबाई म्हणाली, लग्नात तुम्ही असे असता तर मी नाही म्हटलं असतं.) हवा दाबली की विहिरीच्या तळाला बुडी मारल्यागत कानात दडे बसतात. आवंढे गिळायचे असतात. मी गप्पांच्या नादात गिळायचं विसरलो आणि डावा कान जो बसला तो बसलाच. एकदा संकष्टीच्या उपासानं तसाच आत गेलो, तर साखर एकदम उतरली आणि घामानं भिजून थरथरायला लागलो. दार तर लगेच उघडता येत नाही, दाब हळूहळूच उतरवावा लागतो. आत बसलेल्या सिस्टरनं साखरेचं पाणी पाजलं आणि वर असं झापलं, की गणपतीनंही ऐकून घेतलं असेल.

शेजारच्या खुर्चीवर एक शेटजी असायचे. त्यांना गुडघे, टक्कल आणि म्हातारपण, तिन्ही एकाच टाकीत बसून घालवायचं होतं. बाहेर कुठल्याशा कागदात तसं छापलेलं त्यांनी वाचलं होतं. डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितलं, की न भरणाऱ्या काही जखमांना याचा उपयोग होतो, बाकीच्यासाठी उगाच खर्च करू नका. शेटजी रागावून गेले. मी राहिलो, आणि अंगठ्यात हळूहळू लाल मांस धरायला लागलं. अंगठा वाचला, व्याही.

आता तुमच्याकडे येतो. खूप दिवस टाकीत बसलं की काहींची नजर बदलते. दूरचं धूसर होतं आणि जवळचं लख्ख दिसतं. महिन्या-दोन महिन्यांत परत जागेवर येते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण मी एका सकाळी चष्म्याशिवाय पेपर वाचला आणि गल्लीभर सांगत सुटलो, की डोळेसुद्धा बरे झाले. चष्मा फळीवर टाकला. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, तांदळातले खडे काढले, उषाबाईचे पांढरे केस मोजायला गेलो (तिथे मात्र थांबवण्यात आलं). अशा अवस्थेत मी परतूरच्या लग्नाला आलो. मांडवाच्या दारात गुलाबी फेटा आणि भारदस्त अंग दिसलं. तुमच्या डोक्यावर गुलाबी फेटा आहे हे उषाबाईनं सांगून ठेवलं होतं. बाकी सगळं धुकं. मी धावत जाऊन कडकडून भेट घेतली, नारळ दिला, गळ्यात उपरणं घातलं आणि म्हणालो, "आमच्या बेबीनंदाला सांभाळा, आता ती तुमचीच लेक."

"आप बिलकुल बेफिकर रहो, भाई," असं उत्तर आलं, तेही चांगल्या, उजव्या कानात, म्हणजे नीट ऐकू आलं. मला वाटलं, तुम्ही आनंदात हिंदीवर आलात.

ते बँडवाले लालमियाँ होते. तुम्ही त्यांच्या शेजारी हात जोडून उभे होतात, हे मला नंतर कळलं. मी त्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं आणि आग्रहानं बुंदी वाढली. तिकडे क्लॅरिनेट नाही म्हणून वरात थांबली, नवरदेव घोड्यावर उन्हात तापला, आणि तुम्ही न जेवता निघून गेलात. माझा मोठा अपराध झाला. पण तो डोळ्यांचा होता, मनाचा नव्हता. आता नजर जागेवर आली आहे, चष्माही परत लावतो. बेबीनंदाला धाडा.

आपला व्याही,
भुजंग

ता. क. लालमियाँ आता दर जुम्म्याला दुकानावर येतात आणि "लेक कशी आहे" म्हणून विचारतात. बारशाला फुकट वाजवणार म्हणतात. त्यांना काय सांगू ते कळवा.

दुसरा ता. क. हे उषाबाईच्या माघारी लिहितो. परवा मी फोन केला, तो तुम्ही उचललात, आणि एक शब्द न बोलता बेबीनंदाला बोलवायला गेलात. कान आता मोकळा आहे. फरशीवर तुमचं एक पाऊल पुरतं पडत होतं आणि दुसरं नुसतं टाचेवर. मी तसा पूर्ण हिवाळा चाललोय. बेबीनंदाला विचारलं, की सासऱ्यांच्या पायाला काय झालंय, तर ती एकदम कैऱ्यांवर बोलायला लागली. तिला रागावू नका. या उन्हात तुम्ही घरात मोजे घालून फिरता हे मात्र मी जावईबापूंकडून काढून घेतलं. साखर तपासा, जखम दाखवा. टाकी लागेलच असं नाही, बहुतेकांना लागत नाही. पण वेळ घालवलात तर डॉक्टर भंगारवाल्यासारखे बघतात, ते बघणं चांगलं नसतं.

सून धाडायची की नाही, ते तुमच्या रागावर सोडतो. राग खुशाल वर्षभर चालू द्या. पाय मात्र या आठवड्यात जालन्याला पाठवा. पायासोबत तुम्हीही आलात तर आमची काही हरकत नाही.