जुनी पद्धत, खाली माझं नाव

आदरणीय व्याहीबुवा,

दोन्ही हात जोडून, पण पाठ धरल्यामुळे बसल्या जागेवरूनच, नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला गेला का, की अजून त्या औषध घेतल्याचं नुसतं सांगतात आणि बाटली भरलेलीच राहते? इकडे आम्ही सगळे ठीक. मला अधूनमधून छातीत धडधडतं, पण डॉक्टर म्हणाले की छातीत काहीच नाही (हसत म्हणाले, त्यामुळे काळजी उलट वाढली). पत्राला खास कारण नाही, सहज आठवण आली. फोन केला असता, पण फोनवर माझं वाक्य संपायच्या आत समोरचा 'बरं, ठेवतो' म्हणतो. मी चौथीच शिकलेलो आहे हे खरं, पण पत्रात मला मध्येच कोणी थांबवू शकत नाही.

आमच्या घरच्या टोमॅटोबद्दल तुमच्या कानावर काही आलं असेल तर ते खोटं आहे. म्हणजे खरं आहे, पण लोक ज्या क्रमाने सांगतात त्या क्रमाने नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तुमची लेक गुणी आहे. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही, तुम्हीही कळवू नका. अडचण एवढीच की तिला एखादी गोष्ट पटली की ती करते. आमच्या घरात ही सवय आधी कोणालाच नव्हती. तर शेतीखात्याने चार दिवसांचं शिबिर ठेवलं, तिथे आमच्या गल्लीतली अकरा माणसं चहा होता म्हणून गेली आणि ही वही घेऊन गेली. परत आली ती थेट घरामागच्या तुकड्यावर. (लग्न ठरवायला आलात तेव्हा तुम्ही 'अंगण मोठं आहे' म्हणालात, तीच आमची शेती. तेव्हा बोललो नाही, आता बोलून ठेवतो.) तिने मातीचे उंच गादीवाफे केले, रोपं मोजून लावली, मातीवर पेंढा अंथरला, प्रत्येक रोपाला काठी आणि सुतळी, आणि कोपऱ्यात एका पिंपात शेण आणि पालापाचोळा आंबत घातला, त्याचं पाणी आठवड्याला रोपांना द्यायचं. दोन रोपांत हातभर जागा मोकळी सोडलेली बघून मी विचारलं की इथे कोण पाहुणे बसणार आहेत. त्यावरून घरात आठ दिवस ताणलेलं होतं. मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा येतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायला आमची मंडळी एकटीच, आणि ती दोन्ही बाजूंना 'हो' म्हणते.

या खटाटोपामागे सुनेचं गणित होतं. गल्लीतल्या बारा घरांनी अशी लागवड केली तर माल एकदम आणि एकसारखा निघेल, आणि मग शहरातल्या भाजीवाल्याची गाडी आमच्या कोपऱ्यापर्यंत यायला कबूल आहे. नाहीतर आत्तासारखं टोपली डोक्यावर घेऊन दीड तास चालायचं आणि ऊन चढलं की उरलेला माल मिळेल त्या भावाला देऊन यायचं. ती तीन वर्षं चालते आहे. हल्ली कोणी हाक मारली तर मान वळत नाही, सगळं अंग वळवते. हे तिने तुम्हाला कळवलेलं नसणार (मीही कळवलेलं नाही असं समजा). बारा घरांनी सांगितलं, आधी डोळ्यांनी दिसू दे. दुप्पट निघालं तर आम्हीही करू.

आता ते डोळ्यांना दिसावं म्हणून शेतीखात्याचा साहेब आला. आम्ही त्याला टेपसाहेब म्हणतो, कारण तो खिशातून टेप काढल्याशिवाय नमस्कारसुद्धा करत नाही. तो म्हणाला, फरक दिसायचा तर शेजारी एक वाफा जुन्या पद्धतीचा पाहिजे, तेवढ्याच मापाचा, आणि तो जुन्या माणसाने करायला हवा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, करतो. काम सोपं होतं: नेहमीसारखी दाट रोपं लावायची, नेहमीसारखं पाटाने पाणी सोडायचं आणि बाकी काही करायचं नाही. थोडक्यात मला हरण्यासाठी नेमलं होतं, आणि हे माझ्या लक्षात यायला पाटी लागेपर्यंत वेळ लागला.

पाटी मागच्या रस्त्याच्या बाजूला लागली. सुनेच्या वाफ्यावर हिरव्या रंगात 'सुधारित पद्धत'. माझ्या वाफ्यावर तपकिरी रंगात 'जुनी पद्धत', आणि खाली माझं नाव, तेही वडिलांच्या नावासकट. व्याहीबुवा, वडिलांनी त्या तुकड्यावर चाळीस वर्षं काढली. ते करत होते तेव्हा तिला जुनी कोणी म्हणत नव्हतं, नुसती पद्धत म्हणत. आणि आता ते नाव रस्त्यावर, पंधरा दिवसांत माना टाकणाऱ्या रोपांच्या डोक्यावर. समोर शिंप्याचं दुकान आहे हे तुम्हाला आठवत असेल (त्याने तुमच्या कोटाची बाही आखूड केली होती). तो मशीनवर बसून दिवसभर दोन्ही वाफे बघतो, आणि गिऱ्हाईक आलं की माप घेता घेता सांगतो, "ते हिरवं सुनेचं. ते सुतक आलेलं सासऱ्याचं."

मला जेवण जाईना. मी लबाड माणूस नाही हे तुम्ही जाणता. मी फक्त काळजी करणारा माणूस आहे, आणि दुपारी घर झोपलं, शिंपी दुकान लावून जेवायला गेला, की काळजी करायला मला वाफ्यावर जावं लागतं. पहिल्या दिवशी एक रोप तहानेने वाकलेलं दिसलं. त्याला तांब्याभर पाणी घातलं. तहानलेल्याला पाणी देणं ही काही पद्धत नव्हे. मग वाटलं, साधं पाणी द्यायचं तर पिंपातलं का नको, तेही पाणीच. मग दिसलं की रोपं एकमेकांच्या अंगावर पडून गुदमरताहेत, म्हणून एक सोडून एक उपटलं. टेपसाहेब आला तेव्हा मी सांगितलं, मेली. त्याने आनंदाने वहीत लिहिलं, 'जुन्या पद्धतीत मर जास्त'. मग माती तापते म्हणून पेंढा पसरला, आणि तो ओळखू येऊ नये म्हणून वरून उपटलेलं गवत टाकलं. साहेबाने लिहिलं, 'तणाकडे दुर्लक्ष'. रोपं लोळू नयेत म्हणून कुंपणाच्या मोडक्या काटक्या आतल्या बाजूने टेकवल्या, तर 'वाफ्यात केरकचरा'. पाट तर मी दुसऱ्या आठवड्यापासून बंदच ठेवला. त्याऐवजी भोकं पाडलेल्या बाटल्या मुळांपाशी पुरल्या, त्या मात्र त्याला दिसल्या नाहीत, नाहीतर त्यांनाही काहीतरी नाव सापडलं असतं. इतकं होऊनसुद्धा मी मनाशी म्हणत होतो की पद्धत जुनीच आहे, मी फक्त तिची जरा चौकशी करतो.

पान आणि खोडाच्या बेचक्यात जो नको असलेला कोंब फुटतो, त्याला बगलफूट म्हणतात आणि तो काढायचा असतो, हे मी सुनेच्या वहीत वाचलं. (वही तिच्या उशीखाली नव्हती. ओट्यावर उघडी होती. निदान उघडता येण्यासारखी होती.) मी रोज दुपारी बसून तो नखाने खुडत होतो, डोळ्यांना दिसतोय न दिसतोय एवढा असतानाच. दुसरं काम काय होतं मला?

फक्त एका गोष्टीने झोप उडवली, ती म्हणजे आमची शेळी. पिंपातलं पाणी कमी होतंय हे सुनेच्या लक्षात आलं आणि तिने ठरवलं की शेळी पिते. शेळीचं दावं हातभर केलं. तरीही पाणी कमी होतच राहिलं, तेव्हा तिला पार भिंतीला बांधली. दोन महिने ती शेळी भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि मी पिंपाचं झाकण काढलं की मान वळवून माझ्याकडे बघायची. ओरडायची नाही, नुसती बघायची. मी तिला दोनदा भाकरी नेऊन दिली. तिने ती खाल्ली नाही.

शेवटी तोडणीचा दिवस आला. बारा घरची माणसं, शिंपी, टेपसाहेब, त्याच्या वरचा एक साहेब, आणि काटा. आधी सुनेचा वाफा तोडला. टोपल्यांवर टोपल्या, लालभडक, माणसं वाहवा करत होती. मग माझा. गवत बाजूला करून पहिली टोपली भरली तेव्हा माणसं पुढे सरकली. चौथीला शिंप्याने तोंडातली टाचणी काढली. काट्यावर दोन्ही ढीग सारखे भरले, खरं सांगायचं तर माझा दीड किलो जास्त. शिंपी मोठ्याने म्हणाला, "घ्या! म्हाताऱ्याने काही न करता एवढं पिकवलं. मग या काठ्या आणि सुतळ्या कशाला?" बारा घरांनी माना हलवल्या. जुनंच बरं म्हणत माणसं निघाली. टेपसाहेबाने लिहिलं, 'फरक आढळला नाही', आणि टेप गुंडाळून खिशात ठेवली.

माझ्या वडिलांचं नाव जिंकलं होतं. माझी छाती फुगायला हवी होती. तेवढ्यात सून वाकली आणि तिने एक टोपली उचलून डोक्यावर घेतली, कारण गाडी येणार नव्हती आणि माल तर पोचवायचा होता. कोणाला दोष दिला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. बघायचं असतं तर तिला सगळं अंग वळवावं लागलं असतं.

व्याहीबुवा, मग मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण लोक थांबले. मी वाफ्यात शिरलो, गवत फेकून पेंढा दाखवला, काटक्या उपटून दाखवल्या, मातीतून बाटल्या काढून रांगेने मांडल्या, आणि एक सोडून एक रोप कसं मेलं तेही सांगितलं. म्हटलं, हे सगळं तिच्या वहीतलं आहे, यात जुनी फक्त पाटी आहे. टेपसाहेब घामाघूम. त्याने वहीतली दोन पानं उलटसुलट केली आणि वरच्या साहेबाला हळूच विचारलं की हे कोणत्या रकान्यात भरायचं.

सुनेने टोपली खाली ठेवली. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. ती माझ्या एका रोपाशी वाकली आणि पानांच्या बेचक्या बोटाने चाचपल्या. मग म्हणाली, "बाबा, बगलफूट कशाने काढली?"

"नखाने."

"रोज?"

"रोज."

"तरीच," ती म्हणाली. "मला आठवड्याला एकदा जमायचं, तेही कात्रीने." आणि दोन पावलं पुढे गेल्यावर म्हणाली, "शेळी सोडा आधी."

त्या दिवसापासून तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, ते मी आधीच हिशोबात धरलं होतं. पण गल्लीचं नवल ऐका. शिबिर झालं, पत्रकं वाटली, साहेबाने फळ्यावर आकृत्या काढल्या, तेव्हा एकही घर हललं नाही. आणि म्हातारा दुपारचा चोरून करतो म्हणजे त्यात काहीतरी असणारच, हे एका दिवसात नऊ घरांना पटलं. एकेक जण मागच्या दाराने येऊन विचारून गेला, आणि दुसऱ्याला सांगू नका म्हणून गेला. शिंपी सगळ्यात आधी आला, माप घ्यायला आल्यासारखं करून. नऊ घरांनी सुनेच्या वहीत नावं दिली, अट एकच की आपल्या वाफ्यावर पाटी लागता कामा नये. भाजीवाला नऊ घरांवर कबूल झाला. येत्या तोडणीला गाडी कोपऱ्यावर उभी राहील.

असो. तुमच्या गुडघ्याला ऊब द्या, जिने चढू नका. विहीणबाईंना सांगा की औषध बाटलीत राहून गुण येत नाही. घरच्या लहानांना माझ्याकडून लाड, मोठ्यांना आदर, आणि जे मध्ये आहेत त्यांना काय द्यायचं ते तुम्ही ठरवा.

तुमचा,
काळजीत असलेला व्याही

ता. क. टेपसाहेबाला पुढच्या हंगामात पुन्हा तुलना करून दाखवायची आहे, वरून हुकूम आहे. जुन्या पद्धतीचा वाफा पाहिजे आणि त्यासाठी कोणीतरी वडीलधारं. माझ्यावर त्याचा विश्वास उरलेला नाही. गल्लीत कोणी तयार नाही. मी तुमचं नाव सुचवलं. दोन महिने इकडे या. काम काही नाही, रोपांशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि काहीही करायचं नाही. तुमच्या लेकीला विचारलं, ती म्हणाली, "आमच्या बाबांना ते जमेल."

ता. क. दुसरं. नाही म्हणू नका, पाटी रंगवून झाली आहे. रंगाऱ्याने तुमच्या वडिलांचं नावही छान काढलं आहे. जागा शिंप्याच्या बरोबर समोर.

ता. क. तिसरं. येताना बाटल्या आणू नका, माझ्या कोठीत आहेत. पिंपाचं झाकण उचलू नका, सरकवा, म्हणजे आवाज होत नाही. शेळीला आता मोकळं ठेवतात, त्यामुळे पाणी कमी झाल्याचा आळ तिच्यावर येईल. तिच्या नजरेला तेवढी नजर देऊ नका.