बाबा, मी सायकल घेतली

बाबा, मी सायकल घेतली. एकोणपन्नासाव्या वर्षी, एकशे चार किलो वजनावर, आणि तीही खाली वळलेल्या हँडलची, जिला आपल्या सावनेरच्या दुकानात सगळे रेसची सायकल म्हणायचे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं फारसं वाटलं नाही. हे मात्र सांगायचंय.

मी आठवीत आहे. रविवारची सकाळ. वर्गातल्या चार मुली सायकली घेऊन दुकानासमोर थांबल्यात. खाप्याला, कन्हानच्या काठी जायचंय, डबे हँडलला लटकलेत. भाड्याच्या सायकली भिंतीला टेकून रिकाम्याच उभ्या आहेत. मी विचारते, "बाबा, एक नेऊ का?" तुम्ही एका वाकड्या चाकाचा आउट काढताय, तारा ताणून ते सरळ करताय. मान वर न करता म्हणता, "तुले सायकल देऊ? रिमची जिलबी करून आणशीन वं!" पंक्चरसाठी आलेली दोन माणसं हसतात. ती हसली म्हणून तुम्हाला आणखी चेव येतो. "हिले ट्रक लागते, ट्रक." मुलीही हसतात, मग तोंडं फिरवून पॅडल मारतात. दिवसभर मी घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून भोकं शोधत बसले.

त्याच दुपारी दूधवाले काका आले होते. दोन्ही बाजूंना दुधाच्या भरल्या कॅन, वर ते स्वतः. त्यांच्या मागच्या चाकाला जाड रिम आणि चाळीस तारा तुम्हीच भरून दिल्या होत्या. मी तेव्हा किती असेन, साठ किलो? चाक वाकणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. अख्ख्या तालुक्यात तुमच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला कळत नसतं, तर मी विसरूनही गेले असते. पुढे भावाला नवी सायकल आली. तो दुकानाकडे फिरकायचाही नाही. तारा कशा ताणायच्या हे मी तुमच्या हातांकडे बघून शिकले, तुम्ही शिकवलं म्हणून नाही.

आता नागपुरात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघे झिजलेत, चालणं कमी करा, सायकल चालवा. पहिल्या दुकानातल्या विक्रेत्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि थेट घरात ठेवायची, जागेवरच फिरवायची सायकल दाखवली. मी बाहेर आले. दुसऱ्या दुकानात जायला मला चार महिने लागले, बाबा.

तिथले मालक साठीचे, चष्मेवाले. त्यांनी आधी विचारलं, "ताई, वजन किती?"

"नव्वद."

"खरं सांगा. मले काही फरक नाही पडत, चाकाले पडते."

मी खरं सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले. चपलेचा नंबर विचारावा आणि ऐकून घ्यावा, तसं. मला एक लाल, कार्बनची सायकल आवडली होती. ते म्हणाले, "दिसाले बेस आहे, पण कंपनीनं वजनाची हद्द देली आहे, अन् त्यात पाण्याची बाटली, पिशवी सारंच आलं. तारा वीसच आहेत तिले. तुमच्यासाठी नाही ते." मी पर्स उचलली. ते म्हणाले, "काहून चालल्या? दुसरी दाखवून राहिलो ना!" आणि त्यांनी राखाडी रंगाची काढली. अ‍ॅल्युमिनियमची, दोन्ही चाकांना बत्तीस तारा, टायर जरा रुंद, हँडल थोडं उंच म्हणजे वाकताना पोट दाबलं जात नाही, चढावासाठी हलके गिअर. मी सवयीने दोन-दोन तारा चिमटीत दाबत गेले. "ही ढिली आहे," म्हटलं. त्यांनी दाबून पाहिली, चाट पडले. "कुठं शिकल्या?" "अशीच," मी म्हटलं. तुमचं नाव घेतलं नाही. मुद्दामच.

मग ते म्हणाले, "उचलून पाहा." मी एका हाताने उचलली आणि तुमचं शेवटचं वर्ष आठवलं. लकवा झाल्यावर तुम्ही किती हलके झाला होता! भाऊ पुण्याला. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, अकरा महिने मी याच दंडांनी तुम्हाला उचललं. तुमच्या तोंडून एक बरा शब्द यावा म्हणून वाट पाहिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीनं लय केलं हो तुमचं." तेव्हा तुमची जीभ नेमकी वळली. "खाल्लं बी तेवढंच आहे तिनं."

दोन महिने झाले, रविवारी काटोल रोडने जाते. लोक बघतात. टपरीवरचा एकजण परवा ओरडला, "मावशी, सायकलवर दया करा!" मी थांबले नाही. घरी येऊन मात्र बराच वेळ हेल्मेटही काढलं नाही, तशीच खुर्चीत बसून राहिले. रडायचं नव्हतं, आणि तुमच्यामुळे तर मुळीच नाही.

हे पत्र भावालाही दाखवणार नाही. तो म्हणेल, गेलेल्या माणसाशी काय भांडतेस. शिवाय एक गोष्ट त्यालाही माहीत नाही. उन्हाळ्यातल्या एका दुपारी तुम्ही मला हाका मारल्या होत्या, न्हाणीत न्यायला. मी उशिरा आले आणि म्हणाले, डोळा लागला होता. तुम्ही ओल्या चादरीवर पडून माझ्याकडे नुसतं पाहिलंत. डोळा लागला नव्हता, बाबा. मी पलीकडच्या खोलीत बसून तुमच्या हाका ऐकत होते.